परळची प्रयोगशाळा : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षे

10 ऑगस्ट 1899 या दिवशी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचे उद्घाटन केले. 1906 मध्ये तिचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी झाले आणि 1925 मध्ये तिला तिच्या संस्थापकाचे नाव मिळाले : हाफकिन इन्स्टिट्यूट. 10 ऑगस्ट 2024 रोजी तिला 125 वर्षे पूर्ण झाली. प्लेगची लस, सर्पदंशावरचे औषध, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची इंजेक्शने, धनुर्वाताचे सीरम, पोलिओचे थेंब अशा कितीतरी गोष्टी परळच्या या एका पत्त्यावरून महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या घराघरात पोहोचल्या. मुंबईकरांसाठी ती नुसती ‘हाफकिन’ आहे.

संस्थेचा हा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. लस प्रयोगशाळेत तयार होते, पण साथ थांबते ती लोकांनी दंड पुढे केल्यावर. लोक दंड पुढे करतात ते विश्वासापोटी. तो विश्वास मिळतो उघडपणे केलेल्या चाचणीने, कामातल्या शिस्तीने आणि औषध गरीब-श्रीमंत सर्वांना सारखे मिळेल या खात्रीने. हाफकिन संस्थेने हा विश्वास कसा मिळवला, त्याला एकदा कसा तडा गेला आणि तो पुन्हा कसा उभा राहिला, याची ही हकीकत आहे.

गाठीचा ताप

1896 चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या आसपास, लोक एका विचित्र तापाने दगावू लागले. जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ यायची, ताप चढायचा, रोगी बरळू लागायचा आणि थोड्याच दिवसांत जग सोडायचा. मांडवीत व्यवसाय करणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी 23 सप्टेंबरला हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांचे निदान अनेकांना पटायला वेळ लागला, पण ते अचूक होते. दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता. रोगाचे कारण त्यामुळे माहीत होते. तो पसरतो कसा आणि थांबवायचा कसा, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

माणसे गाठोडी बांधून शहराबाहेर पडली. गिरण्या ओस पडू लागल्या. सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. घरझडत्या, जबरदस्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ आणि स्त्रियांची उघड तपासणी यांनी लोक रोगाइतकेच सरकारला घाबरू लागले. आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेल्याची घटना ऑक्टोबर 1896 मधली. पुण्यात 10 मार्च 1897 रोजी रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. देशभर पसरलेल्या या साथीने पुढच्या तीन दशकांत सुमारे सव्वा कोटी माणसे नेली. वैद्यकाबद्दल लोकांच्या मनात असा धसका बसलेला असताना हाफकिन यांना मुंबईत काम करायचे होते.

ओडेसाहून मुंबईला

वाल्देमार मोर्देकाई हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तिथल्या विद्यापीठात त्यांना एली मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरात शिरलेल्या जंतूंना आपल्या रक्तातल्या काही पेशी गिळून टाकतात हे मेच्निकॉव्ह यांनी दाखवले होते. आज ज्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो तिच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते आणि 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. झारच्या रशियात ज्यू तरुणाला प्राध्यापकीचा मार्ग बंद होता. हाफकिन आधी जिनिव्हाला आणि तिथून 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती म्हणून ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले.

त्यांनी पहिल्यांदा हाती घेतला तो कॉलरा, म्हणजे आपली पटकी. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि दोन-अडीच वर्षांत बंगालपासून पंजाबपर्यंत 40 हजारांहून अधिक लोकांना ती लस दिली. लस घ्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे, सक्ती करायची नाही, हा नियम त्यांनी तिथे घालून घेतला आणि अखेरपर्यंत पाळला. मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर सरकारने त्यांना बोलावले. ऑक्टोबर 1896 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट लॅबोरेटरीत त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. हाफकिन संस्थेचा जन्म खऱ्या अर्थाने त्या खोलीतला.

तुपाखाली वाढलेले जंतू

लशीमागची कल्पना आज शाळेतल्या मुलालाही समजावता येते. आपले शरीर शत्रूला त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखते. एकदा ओळख पटली की त्या खुणांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. खरा रोग अंगात शिरला की शरीराला नव्याने शिकावे लागत नाही, फौज ताबडतोब बाहेर पडते. हाफकिन यांनी हे ओळखले की शिकवणीसाठी जंतू जिवंत असायलाच हवा असे नाही. मेलेल्या जंतूच्या अंगावरही त्या खुणा असतात.

अडचण होती ती भरपूर जंतू मिळवण्याची. हाफकिन यांनी मोठ्या चंबूंत मांसाचे पाणी घेतले आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढू लागले आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीसारखे त्यांचे धागे खाली उतरले. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसायचे आणि वर नवे वाढायचे. असे सुमारे सहा आठवडे चालायचे. मग सगळे द्रव 65 ते 70 अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि लस टिकावी म्हणून थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालेल असे पाहून मांसाच्या पाण्यासाठी बोकडाचे मांस वापरले जाई. तयार होणारी वस्तू लोकांच्या धर्मभावनेला धक्का देणार असेल तर ती लोक घेणार नाहीत, हे परदेशातून आलेल्या या माणसाने पहिल्याच महिन्यांत ओळखले होते.

डिसेंबर 1896 पर्यंत सशांवरचे प्रयोग यशस्वी झाले. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी 10 घनसेंटिमीटर लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे लोकांना दिली गेलेली मात्रा याच्या कितीतरी कमी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला आणि मृत्यू एकही झाला नाही.

यापेक्षा बोलकी चाचणी 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात झाली. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या जवळपास अर्ध्या माणसांना लस देण्यात आली आणि अर्ध्यांना नाही. एकाच छपराखाली राहणारी, एकाच ताटातले खाणारी माणसे. फरक फक्त लशीचा. लस घेतलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले, 3 गेले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 गेले. तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करायची, हे तत्त्व त्या काळात जगातही फारसे रुजले नव्हते. दमण, हुबळी आणि मुंबईतल्या खोजा समाजातही लशीचा परिणाम पाहिला गेला. खोजांचे धर्मप्रमुख तरुण आगाखान यांनी प्रयोगशाळेला आपली जागा दिली आणि समाजाची भीती जावी म्हणून स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्या मागून हजारो खोजा मंडळी आली.

गव्हर्नरांचा वाडा, प्रयोगशाळेचे घर

प्रयोगशाळा ग्रँट मेडिकल कॉलेजातून मलबार हिलच्या एका बंगल्यात, तिथून आगाखानांच्या खुश्रू लॉजमध्ये आणि अखेर परळला आली. परळच्या या वास्तूला आधीच मोठा इतिहास होता. पोर्तुगीज काळात इथे जेझुइट पाद्र्यांचा मठ होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर इथे राहू लागले. त्याच्या दरबार दालनात नाचगाणी आणि मेजवान्या झाल्या. 1880 च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंट गाठले. प्लेगच्या साथीत त्या रिकाम्या वाड्यात रुग्णालय निघाले आणि 1899 मध्ये प्रयोगशाळा आली. हाफकिन यांना ज्या पटकीच्या लशीने प्रसिद्धी मिळाली, त्याच पटकीने सोडायला लावलेल्या वाड्यात त्यांचे काम कायमचे स्थिरावले.

इथून लशीच्या बाटल्या भारतभर आणि परदेशांत जाऊ लागल्या. 1897 ते 1925 या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या.

मुल्कोवालचा धडा

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. चौकशी झाली. लस परळलाच दूषित झाली असा ठपका आला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले होते, हे त्यांच्या विरोधात गेले. त्यांना कामावरून दूर करण्यात आले.

पुढे कागदपत्रे बारकाईने तपासल्यावर वेगळेच दिसले. मुल्कोवालला बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली उघडताना दुर्गंधीही नव्हती. लस आधीच दूषित असती आणि धनुर्वाताचे जंतू तिच्यात दिवसेंदिवस वाढत राहिले असते, तर वास आल्याशिवाय राहिला नसता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचा निष्कर्ष हाफकिन यांच्या बाजूने गेला. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांच्यावरचा अन्याय जगापुढे मांडला. सरकारने त्यांना दोषमुक्त केले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला, आणि मोठ्या प्रमाणावर लसीकरण करण्याची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते युरोपात परतले आणि 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे त्यांचे नाव परळच्या संस्थेला देण्यात आले होते. त्यावेळचे संचालक एफ. पी. मॅकी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. 1964 मध्ये भारताच्या टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

हाफकिन यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. त्या 19 घरांवर जे कोसळले तेही खरे आहे. लस चांगली असून भागत नाही. बाटली बंद करण्यापासून सुई टोचेपर्यंतच्या साखळीतला प्रत्येक दुवा निर्जंतुक असावा लागतो. प्रत्येक बाटलीला क्रमांक, प्रत्येक घाण्याची नोंद, बाहेर पाठवण्यापूर्वी नमुन्याची तपासणी ही शिस्त लससंस्थांना अशाच दुर्घटनांनी शिकवली.

उंदीर, पिसू आणि चाळ

लस रोग रोखत होती, तरी प्लेग उंदराकडून माणसाकडे येतो कसा हे अजून सिद्ध झालेले नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून पिसूकडे बोट दाखवले होते, पण ते फारसे कोणी मानले नाही. परळच्या प्रयोगशाळेतले डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी तो धागा उचलला. 1903 मध्ये राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. पुढे एका चाळीत आधी उंदीर मेले आणि मग माणसे आजारी पडली. लिस्टन यांनी माणसांच्या अंगावर त्याच पिसवा शोधल्या. उंदीर मेला की भुकेली पिसू नवे अंग शोधते आणि ते बहुधा चाळीतल्या भाडेकऱ्याचे असते, हे त्यांनी दाखवून दिले.

1905 पासून प्लेग संशोधन आयोगाने परळलाच तळ ठोकला. आवारात सहा छोट्या खोल्या बांधण्यात आल्या. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा नसतील तर एकही निरोगी प्राणी आजारी पडत नव्हता, पिसवा असतील तर रोग झपाट्याने पसरत होता. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग व्हायचा. दोन फूट उंच टांगलेले प्राणी सुटायचे, कारण पिसूची उडी तिथवर पोहोचत नाही. शहरातल्या प्लेगच्या घरांत बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यातले प्राणी जगले, उघड्या पिंजऱ्यातले मेले. मुंबईभरातून एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर तपासणीसाठी परळला आले. भिंती धुण्यापेक्षा आणि माणसांना कोंडण्यापेक्षा धान्याची साठवण, घरांची रचना आणि उंदरांचा बंदोबस्त महत्त्वाचा आहे, हे या कामातून जगाला कळले. दोन विटांच्या भेगेतून बाहेर येणारा उंदीर साम्राज्याच्या साऱ्या सक्तीपेक्षा प्रभावी ठरला होता, याचा शास्त्रीय खुलासा इथे मिळाला.

नागाचे विष, घोड्याचे रक्त

त्याच काळात परळला एक वेगळा प्रश्न सोडवला जात होता. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी घोड्यापासून सर्पविषावर सीरम तयार केले होते आणि ते सर्व सापांवर चालते असे मानले जाई. कॅप्टन जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले की नागाच्या विषावरचे सीरम घोणसाच्या विषावर चालत नाही. प्रतिपिंड कुलपाला किल्ली बसावी तसे नेमके असते. एका सापाशी झुंजायला शिकलेले रक्त दुसऱ्यापुढे हतबल होते. म्हणून आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांची, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची विषे एकत्र वापरून बहुगुणी प्रतिविष तयार करण्याचा मार्ग पुढे परळने धरला.

त्याची पद्धत अशी. सापाचे विष काढून सुकवायचे. घोड्याला ते आधी अगदी थोडे आणि मग वाढत्या प्रमाणात टोचायचे. घोड्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली की त्याचे रक्त घेऊन द्रव वेगळे करायचे, शुद्ध करायचे आणि भुकटी करून कुप्यांत भरायचे. धनुर्वात, घटसर्प आणि रेबीजवरची सीरमेही याच मार्गाने तयार झाली. पुण्याजवळ पिंपरीला घोडे ठेवण्याची सोय झाली. ज्याला लस दिली त्याचे शरीर स्वतः शिकते, त्याला वेळ लागतो. ज्याला साप चावला त्याच्याकडे वेळ नसतो, त्याला दुसऱ्याने शिकून ठेवलेली प्रतिपिंडे उसनी द्यावी लागतात. हे दोन्ही मार्ग परळने एकाच आवारात जोपासले.

सर्पदंश हा शेतकऱ्याचा, मजुराचा, अनवाणी चालणाऱ्याचा आजार आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोकणातल्या लाल विंचवाचा दंशही लहान मुलांचे प्राण घेत असे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू मोठ्या प्रमाणात थोपवले आणि पुढे विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण अधिक लवकर सावरतो हे दाखवले. विंचवाचे प्रतिविष तयार करण्याचे काम हाफकिनने केले.

कुत्र्याच्या चाव्याने घाबरलेल्या घराला तर हाफकिनचाच आधार होता. मेंढीच्या मेंदूपासून केलेली रेबीजची जुनी लस पोटात चौदा वेळा टोचावी लागे. ती वेदनादायक होती आणि तिचे दुष्परिणामही होते, तरी तिने असंख्य जीव वाचवले. पेशींवर वाढवलेली नवी लस आल्यावर 2004 च्या अखेरीस देशात जुन्या लशीचे उत्पादन थांबले.

सोखे यांचा काळ

1932 मध्ये साहिब सिंग सोखे संस्थेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. दीड दशकाहून अधिक काळ त्यांनी संस्थेला घडवले. प्लेगची लस जंतूंच्या किती जोमदार वाणापासून तयार झाली आणि ती किती संरक्षण देते हे उंदरांवर मोजून पाहण्याची पक्की पद्धत त्यांनी बसवली. मांसाच्या पाण्याऐवजी दुधातल्या केसीनपासून केलेले पोषक द्रव त्यांनी वापरात आणले.

त्यांची दुसरी कामगिरी रसायनशास्त्रातली. के. गणपती यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी संस्थेत सल्फा औषधे तयार केली. 1940 मध्ये सोखे आणि डॉ. बी. बी. दीक्षित यांनी या औषधांनी प्लेग झालेले उंदीर बरे होतात हे प्रसिद्ध केले. ज्या रोगाला तोपर्यंत औषधच नव्हते त्याच्यावर हा पहिला खरा उपाय. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

सोखे यांना औषध ही जनतेची गरज वाटे आणि ते देशातच, सरकारी उद्योगात, परवडणाऱ्या किमतीला तयार झाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते आणि दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा अशी शिफारस त्या उपसमितीने स्वातंत्र्यापूर्वीच केली. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो याच विचारांच्या वातावरणात.

पोलिओचे थेंब

1975 मध्ये संस्थेचे काम दोन भागांत विभागले. संशोधन, शिक्षण आणि तपासणी हाफकिन प्रशिक्षण, संशोधन व चाचणी संस्थेकडे राहिली. लशी, सीरमे आणि औषधांचे उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. दोन्ही राज्य सरकारच्या, दोन्ही त्याच आवारात.

पुढच्या दशकांत हाफकिनचे नाव घराघरात पोहोचले ते पोलिओच्या थेंबांमुळे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे आतड्यात शिरतो, तिथे वाढतो आणि काही मुलांच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारून हातपाय लुळे करतो. आल्बर्ट सेबिन यांनी तयार केलेल्या लशीत निर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यातच वाढून तिथले संरक्षण जागे करतो, त्यामुळे खऱ्या विषाणूला शिरायला जागा उरत नाही आणि शेजारच्या मुलापर्यंत जाणारी त्याची वाट बंद होते. 1995 मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. बूथवर आणि घरोघरी अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि परिचारिका थेंब पाजत फिरल्या. त्या निळ्या-पांढऱ्या खोक्यांतल्या लशीचा हाफकिन हा देशातला एक मोठा पुरवठादार होता. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या देशात शतकभरापूर्वी लस म्हटले की लोक घर सोडून पळत होते, तिथे आया रांगेत उभ्या राहून मुलांना थेंब पाजत होत्या. हा बदल एका दिवसात झालेला नाही.

पुढचा रस्ता

2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन जुन्या सरकारी लससंस्थांचे परवाने उत्पादनाच्या नव्या मानकांमुळे स्थगित झाले आणि 2010 मध्येच ते परत मिळाले. मधल्या काळात देशाला लशींसाठी खासगी कंपन्यांवर जास्त विसंबावे लागले. कोरोनाच्या साथीत हाफकिन संस्थेने नमुने तपासण्याचे काम केले आणि एप्रिल 2021 मध्ये महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या उत्पादनाची परवानगी मिळाली. देशाला लागलेल्या लशींचा बहुतांश भार मात्र पुण्या-हैदराबादच्या खासगी कारखान्यांनी उचलला. त्यांचे काम मोलाचे आहे. तरी ज्या औषधात नफा नाही, ज्याचा रुग्ण शेताच्या बांधावर आणि खिसा रिकामा आहे, ते औषध कोणीतरी सातत्याने बनवत राहायला हवे. सर्पविषाचे प्रतिविष, विंचवाचे प्रतिविष, घटसर्पाचे सीरम ही अशी औषधे आहेत.

मुल्कोवालने शिकवले की सरकारी म्हणून मानकांत सूट मागता येत नाही. पोलिओने दाखवले की शिस्तीने काम केले तर सरकारी संस्थाही कोट्यवधी मुलांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून सव्वाशे वर्षांच्या या टप्प्यावर राज्य सरकारकडे आमची मागणी साधी आहे : यंत्रसामग्री अद्ययावत करा, रिकाम्या जागा भरा, तरुण संशोधकांना दीर्घकाळ टिकणारे काम द्या आणि प्रतिविषाचे उत्पादन कधीही थांबू देऊ नका. विद्यार्थ्यांना विनंती आहे की परळच्या आवारातले संग्रहालय एकदा पाहा. जंतुशास्त्र किंवा प्रतिरक्षाशास्त्र शिकणाऱ्याला इथे आपल्या विषयाचा भारतातला पाया दिसेल. आणि प्रत्येक वाचकाला सांगणे आहे की घरातल्या बाळाच्या लसीकरणाची एकही तारीख चुकवू नका, कुत्रा चावला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालयात जा. परळहून निघालेले औषध तिथे तुमची वाट पाहत असेल.